पहिले सचिव राष्ट्राध्यक्ष कसे झाले? (कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि शेजारीपाजारी)

उंटावरचा_शहाणा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं की १९९१ ला सोव्हिएत युनियन कोसळलं आणि कम्युनिस्ट गेले. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. प्राग-वॉर्सात बसून बघितलं तर कम्युनिस्ट गेले हे ठीकच आहे, पण ताश्कंद किंवा अश्गाबादमधून बघितलं तर नक्की कोण कुठे गेलं ते मला दाखवा.

डिसेंबर १९९१ मध्ये कझाकस्तानचा राष्ट्राध्यक्ष होता नूरसुल्तान नझरबायेव, जो १९८९ पासून तिथल्या कम्युनिस्ट पार्टीचा फर्स्ट सेक्रेटरी, म्हणजे प्रजासत्ताकातला पार्टीप्रमुख. उझबेकिस्तानात इस्लाम करीमोव, तोही १९८९ पासून फर्स्ट सेक्रेटरी. तुर्कमेनिस्तानात नियाझोव, हा तर १९८५ चा, गोर्बाचोवच्याच काळात बसवलेला. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं तेव्हा माणसं तीच, बऱ्याच ठिकाणी इमारतीही त्याच, पार्टीच्या पाट्या तेवढ्या बदलल्या (उझबेकिस्तानात पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी, तुर्कमेनिस्तानात नुसतीच डेमोक्रॅटिक पार्टी, हसू नका). आणि यांनी स्वातंत्र्यासाठी लढा वगैरे दिला असंही काही नाही. मार्च १९९१ मध्ये युनियन ठेवायचं का यावर सार्वमत झालं तेव्हा मध्य आशियातल्या पाचही प्रजासत्ताकांत ९० टक्क्यांच्या वर मतं "ठेवा" अशी पडली होती. कझाकस्तान तर बाहेर पडणारं सगळ्यात शेवटचं, १६ डिसेंबरला, तोवर रशियाच बाहेर पडून मोकळा झालेला.

मग हे टिकले कसे? मला विचाराल तर उत्तर १९२२ मध्ये आहे. त्या एप्रिलमध्ये स्टालिन पार्टीचा जनरल सेक्रेटरी झाला तेव्हा ते पद म्हणजे कारकुनी समजली जायची. पार्टीतले बाकीचे बडे नेते, म्हणजे ट्रॉट्स्की भाषणं ठोकतोय, बुखारिन लेख लिहितोय आणि हा बाबा फायली बघतोय. पण त्या फायलींमध्ये काय होतं तर कुठल्या प्रांतात कोणाला सेक्रेटरी नेमायचं, कोणाला उचलून सैबेरियात टाकायचं. पुढे याचीच रीतसर यादी झाली, नोमेनक्लातुरा. कुठलं पद कुठल्या पातळीवरची समिती भरणार ते ठरलेलं, सामूहिक शेतीच्या अध्यक्षापासून पेपरच्या संपादकापर्यंत आणि विद्यापीठाच्या रेक्टरपर्यंत. आता गंमत बघा, प्रांताचे सेक्रेटरी नेमतो जनरल सेक्रेटरी, ते सेक्रेटरी काँग्रेसला (म्हणजे पार्टीच्या महाअधिवेशनाला) आपली माणसं पाठवतात, काँग्रेस सेंट्रल कमिटी निवडते, त्या कमिटीत परत मोठा गट याच प्रांतांच्या सेक्रेटरींचा, आणि ती कमिटी निवडते जनरल सेक्रेटरी. वर्तुळ पूर्ण. लेनिनने डिसेंबर १९२२ मध्ये आजारपणातल्या टिपणात लिहून ठेवलं होतं की या माणसाच्या हातात अमर्याद सत्ता गोळा झालीय. तोवर उशीर झालेला.

जून १९५७ मध्ये मोलोतोव, मालेंकोव, कागानोविच वगैरे स्टालिनच्या जुन्या मंडळींनी तेव्हाचा पार्टीप्रमुख ख्रुश्चेव याला काढायचं ठरवलं, प्रेसिडियममध्ये (पार्टीच्या सर्वोच्च मंडळात) बहुमतही त्यांच्याकडे होतं. ख्रुश्चेव म्हणाला, मला सेंट्रल कमिटीने निवडलंय, तीच काढेल. संरक्षणमंत्री झुकोवने लष्कराच्या विमानांनी कमिटीचे मेंबर मॉस्कोत आणले, त्यातले बरेच ख्रुश्चेवने नेमलेले. खेळ खल्लास. मोलोतोव मंगोलियात राजदूत, मालेंकोव पार कझाकस्तानात वीज केंद्रावर. पण याच ख्रुश्चेवने १९६२ मध्ये प्रांतांच्या कमिट्या शेती आणि उद्योग अशा दोन दोन करून टाकल्या, म्हणजे प्रत्येक सेक्रेटरीची अर्धी सत्ता गेली, आणि १९६४ च्या ऑक्टोबरात त्याला काढलं तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला सेंट्रल कमिटीत एक जण उभा राहिला नाही. त्याच्या जागी आलेला ब्रेझनेव यातून एकच शिकला की माणसं हलवायची नाहीत. म्हणून उझबेकिस्तानात रशिदोव सलग २४ वर्षं, कझाकस्तानात कुनायेव दोन टप्प्यांत मिळून त्याच्या जवळपास.

प्रजासत्ताकांत यावर एक चाप होता. फर्स्ट सेक्रेटरी सहसा स्थानिक, पण सेकंड सेक्रेटरी मॉस्कोने पाठवलेला, बहुतेक वेळा रशियन, आणि नेमणुकांवर डोळा त्याचा. १९९१ मध्ये मॉस्को गेलं, सेकंड सेक्रेटरी गेला, यादी मात्र फर्स्ट सेक्रेटरीच्या टेबलावरच राहिली. माझ्या मते "स्वातंत्र्य" म्हणजे त्या भागात मुख्यतः हे झालं.

दुर्बीण

मस्त धागा. कुनायेवचं कसं झालं ते सांगायलाच हवं होतं, ते राहिलं बघा.

१६ डिसेंबर १९८६, अल्माटीत (तेव्हा अल्मा-आता) पार्टीचं प्लेनम (सेंट्रल कमिटीची बैठक) भरलं आणि १८ मिनिटांत संपलं असं म्हणतात. कुनायेव बाहेर, त्याच्या जागी गेन्नादी कोल्बिन. हा उल्यानोव्स्कचा प्रांत सेक्रेटरी, रशियन, कझाकस्तानशी काडीचा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी ब्रेझनेव चौकात जमले, कडाक्याची थंडी, आणि मग पोलीस, सैनिक, कुत्री, पाण्याचे फवारे. गोर्बाचोवला वाटत होतं आपण भ्रष्टाचार साफ करतोय, पोरांना दिसत होतं की आमच्या घरात कोण बसणार ते मॉस्को ठरवतंय. पेरेस्त्रोइकाच्या (गोर्बाचोवच्या सुधारणांच्या) काळातला हा पहिलाच मोठा वांशिक उद्रेक.

आणि यात नझरबायेव कुठे? तो तेव्हा कझाकस्तानचा पंतप्रधान म्हणजे मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याने पार्टीच्या अधिवेशनात कुनायेवच्या सख्ख्या भावावर, जो विज्ञान अकादमीचा अध्यक्ष होता, जाहीर टीका केली होती. म्हणजे ज्याने वर आणलं त्याच्याच घरावर पहिला दगड. आज ना उद्या खुर्ची मिळेल असा हिशोब असावा, पण मॉस्कोने कोल्बिन आणून बसवला. अडीच वर्षांनी मिळालीच म्हणा.

सांगलीकर

हे सगळं वाचून आमच्याकडचा साखर कारखाना आठवला राव. चेअरमन सभासद करणार, सभासद चेअरमन निवडणार, आणि विरोधी पॅनेलवाल्याचा ऊस शेवटच्या महिन्यात तुटणार. स्टालिन वाळव्यात जन्मला असता तरी उपाशी नसता राहिला.

उंटावरचा_शहाणा

@सांगलीकर हाहा. तुलना बरीच जुळते, फक्त तुमच्याकडे पॅनेल पडतं कधीकधी, मतमोजणीला गर्दी होते, कोर्टात जाता येतं. तुर्कमेनिस्तानात जून १९९२ च्या निवडणुकीत नियाझोवला ९९.५ टक्के मतं मिळाली, उमेदवार एकच. नझरबायेव १९९१ मध्ये एकटाच उभा, ९८ टक्क्यांच्या वर.

गोट्या७२

नियाझोव म्हणजे तोच ना ज्याने महिन्यांची नावं बदलली? जानेवारीला स्वतःचं नाव, एप्रिलला आईचं. आणि अश्गाबादमधला तो सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा जो सूर्याबरोबर फिरायचा. असल्या माणसाच्या हाताखाली लोक काम कसं करत असतील देव जाणे.

बाकी आपल्याला ताश्कंद म्हणजे शास्त्रीजी आणि १९६६ चा करार एवढंच माहीत. यशवंतराव पण होते तिथे संरक्षणमंत्री म्हणून. तेव्हा उझबेकिस्तानचा मालक हाच रशिदोव होता हे आज कळलं.

दुर्बीण

हो तोच रशिदोव. पुढे त्याच्या नावावर कापूस घोटाळा निघाला. मॉस्कोला दरवर्षी जास्त कापूस हवा, मग कागदावर पिकवायचा, नसलेल्या कापसाचे पैसे यायचे ते खालपासून वरपर्यंत वाटायचे. वरपर्यंत म्हणजे किती वर, तर ब्रेझनेवचा जावई चुर्बानोव, गृहखात्यातला उपमंत्री, त्यालाही १९८८ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. हजारोंनी माणसं हलवली तिथली, तपासाच्या नावाखाली. आणि स्वातंत्र्यानंतर करीमोवने पहिल्या काही कामांत काय केलं, तर रशिदोवचं नाव साफ केलं. उझबेक लोकांना मॉस्कोने चोर ठरवलं, असा सूर. लोकांना ते पटलंही, कारण शेतात कापूस वेचणाऱ्याने तर काही खाल्लं नव्हतं आणि बदनामी सगळ्यांची झाली होती.

चिवट_चाफा

राजकारणातलं मला फार कळत नाही पण जानेवारी २०२२ विसरणार नाही. माझा भाचा अल्माटीला एमबीबीएसला होता, आपल्याकडची बरीच मुलं आहेत तिकडे आणि बिश्केकला. ५ तारखेला नेट गेलं ते पाच-सहा दिवस धड आलंच नाही. ताई रडून रडून अर्धी. एकदाच फोन लागला, म्हणाला मावशी बाहेर गोळ्यांचे आवाज येतायत, आम्ही हॉस्टेलमध्येच आहोत, मॅगी आहे. नंतर त्याला विचारलं नक्की काय झालं होतं तर म्हणतो गॅस महागला म्हणून. गॅस महागला म्हणून कोणी एअरपोर्ट ताब्यात घेतं का? हे तुमच्या थिअरीत कुठे बसतं ते सांगा कोणीतरी.

उंटावरचा_शहाणा

चाफाताई, भाचा सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. बसतं म्हणजे काय, मला तर वाटतं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. जरा लांबड लागेल.

मार्च २०१९ मध्ये नझरबायेवने राजीनामा दिला, सगळे चकित. तोकायेव आला, जुना डिप्लोमॅट, चिनी उत्तम बोलतो, जिनिव्हात यूएनचा मोठा अधिकारी होता. शपथ घेतल्या दिवशीच त्याने सुचवलं की राजधानीचं नाव अस्ताना बदलून नूरसुल्तान करूया. त्याच दिवशी नझरबायेवची मुलगी दारिगा सिनेटची अध्यक्ष झाली, म्हणजे तोकायेवला काही झालं तर पुढचा नंबर तिचा. आणि म्हातारा गेला कुठे? सिक्युरिटी कौन्सिलचा तहहयात अध्यक्ष, शिवाय सत्ताधारी पार्टीचा अध्यक्ष, शिवाय "एल्बासी" म्हणजे राष्ट्रनेता ही पदवी होतीच. आणि आता मुद्दा. ऑक्टोबर २०१९ मध्ये एक हुकूम निघाला, की परराष्ट्र, संरक्षण, गृह असे काही अपवाद सोडले तर बाकीचे मंत्री, प्रांतांचे अकीम (म्हणजे राज्यपाल), गुप्तचर खात्याचा प्रमुख यांच्या नेमणुका राष्ट्राध्यक्षाने सिक्युरिटी कौन्सिलच्या अध्यक्षाला विचारून करायच्या. सही कोणाची तर तोकायेवचीच! म्हणजे खुर्ची एकाची, यादी दुसऱ्याची. देशातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला समजलं की साहेब कोण आहे.

अशी दोन टेबलं फार दिवस चालत नाहीत. मे २०२० मध्ये दारिगाला सिनेटमधून काढलं, काही कारण न देता. मग १ जानेवारी २०२२ ला गाड्यांत भरायच्या एलपीजीवरची भावमर्यादा उठली, पश्चिमेकडे झानाओझेनमध्ये भाव ६० तेंगेवरून (तिथलं चलन) १२० वर गेला, तिथे लोक रस्त्यावर आले. ही मागणी खरी, माणसं खरी. तीन दिवसांत हे लोण अल्माटीला पोचलं आणि तिथे त्याचा रंगच बदलला. महापालिका पेटली, एअरपोर्टवर ताबा, आणि सुरक्षा दलं जागेवर नाहीत. भाच्याला जे ऐकू आलं ते हे.

५ जानेवारीला तोकायेवने काय केलं बघा. सरकार बरखास्त ही बातमी झाली, पण त्याच दिवशी त्याने सिक्युरिटी कौन्सिलचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं आणि गुप्तचर खात्याचा प्रमुख करीम मसिमोव, जो नझरबायेवचा दोनदा पंतप्रधान राहिलेला माणूस, त्याला हटवलं. मग सीएसटीओकडून (रशियाच्या पुढाकाराची लष्करी आघाडी) फौज मागवली, मुख्यतः रशियन, साधारण अडीच हजार. ते लढले वगैरे फारसे नाहीत, विमानतळ, सरकारी इमारती सांभाळल्या आणि १९ तारखेपर्यंत परत गेले. पण मॉस्को कोणाच्या बाजूने आहे हे देशातल्या प्रत्येक कर्नलला दिसलं, तेवढं पुरलं. ७ तारखेला त्याने टीव्हीवर सांगितलं की इशारा न देता गोळ्या घालायचा आदेश दिलाय. सरकारी आकडा २३८ मेले. मसिमोवला पुढे देशद्रोहासाठी १८ वर्षं. नझरबायेवच्या पुतण्यांपैकी एकाला गुप्तचर खात्यातून काढलं, दुसऱ्याला तुरुंगात टाकलं. सप्टेंबरमध्ये राजधानी परत अस्ताना.

आत कोणी कट केला होता, कोण कोणाविरुद्ध, यावर कझाक लोकांचंही एकमत नाही. मला एवढंच दिसतं की सत्तांतर झालं २०१९ मध्ये नव्हे, ५ जानेवारी २०२२ ला, कारण यादी त्या दिवशी हलली.

अनाहूत

शहाणेसाहेब, अभ्यास दांडगा आहे पण सगळं फायली आणि याद्यांवर ढकलताय हे मला पटत नाही. तुमच्या गोष्टीत लोक येतात ते फक्त पेटवापेटवीपुरते. झानाओझेन हे नाव २०२२ मध्ये आकाशातून पडलं का? १६ डिसेंबर २०११ ला, स्वातंत्र्याच्या विसाव्या वाढदिवशी, तिथे तेलकामगारांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. कितीतरी महिने संप चालू होता, पगारासाठी. सरकारी हिशोबानेच डझनाहून जास्त माणसं मेली. देशाचं तेल त्या पट्ट्यातून निघतं आणि तिथल्या माणसाला गाडीत गॅस भरायला परवडत नाही. त्या वेळी सरकारी तेल-वायू कंपनी ज्याच्या ताब्यात होती त्या सरकारी फंडावर बसलेला माणूस कोण, तर नझरबायेवचा जावई कुलिबायेव. गोळीबारानंतर त्याला पदावरून काढावं लागलं.

तेव्हा सत्ता यादीत असते हे अर्धंच. यादी चालते कारण वाटायला तेल आहे. उझबेकिस्तानात कापूस आणि सोनं, तुर्कमेनिस्तानात गॅस. ताजिकिस्तानात वाटायला काहीच नव्हतं तर तिथे काय झालं? १९९२ ते ९७ यादवी.

उंटावरचा_शहाणा

@अनाहूत ताजिकिस्तानचा मुद्दा मान्य, तिथे पार्टीचं यंत्रच मोडलं होतं आणि एका सरकारी शेतीफार्मचा डायरेक्टर, इमोमअली रहमोन, १९९२ मध्ये तडजोड म्हणून पुढे केला गेला, आज तो मध्य आशियातला सगळ्यात जुना सत्ताधारी. पण तेल कोणाला मिळणार हे कोण ठरवतं? कुलिबायेव त्या फंडावर अर्ज करून बसला नव्हता.

अनाहूत

आणि काढला गेला तो कामगार मेले म्हणून. यादी असो नसो.

मृण्मयी_के

मला एक वेगळीच शंका आहे. फर्स्ट सेक्रेटरी राष्ट्राध्यक्ष होणं म्हणजे देश वाया गेला असं असेल तर लिथुआनियाचं काय? अल्गिर्दास ब्राझौस्कास तिथल्या पार्टीचा फर्स्ट सेक्रेटरी, त्याने डिसेंबर १९८९ मध्ये पार्टीच मॉस्कोपासून तोडली. १९९३ मध्ये रीतसर निवडून राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९९८ मध्ये एक टर्म करून घरी गेला. नंतर पंतप्रधानही झाला, तेही संसदेच्या मताने. पोलंडमध्ये क्वाश्निएव्स्की, कम्युनिस्ट सरकारातला माजी मंत्री, १९९५ मध्ये खुद्द वालेंसाला (सॉलिडॅरिटी चळवळीच्या नेत्याला) हरवून आला आणि दोन टर्म संपल्यावर गेला. कम्युनिस्ट शाळेत शिकलेली माणसंच ही पण.

मला वाटतं फरक मधल्या काळात आहे. लिथुआनियात १९९० च्या सुरुवातीला ब्राझौस्कासची पार्टी निवडणूक हरली. हरली! सायुदिस चळवळीकडे संसद गेली, नेमणुका गेल्या, काही काळ हा विरोधात बसला आणि मग परत मतं मागायला गेला. नझरबायेव-करीमोवना तो काळ कधीच काढावा लागला नाही.

आणि किर्गिझस्तान तर मध्येच कुठेतरी. तिथला फर्स्ट सेक्रेटरी मसालियेव १९९० मध्ये, ओश शहरातल्या वांशिक दंगलीनंतर, राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानात आपटला आणि अकायेव नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आला. पुढे त्यालाही मोह झालाच, मुलगा-मुलगी दोघं २००५ च्या संसदेच्या निवडणुकीत उतरले, लोकांनी पळवून लावलं. २०१० ला पुन्हा, २०२० ला पुन्हा. बिश्केकला मुलं पाठवणारे पालक "अस्थिर देश" म्हणून नाकं मुरडतात, पण त्या पाच जणांत राष्ट्राध्यक्ष घालवता येतो हे लोकांना माहीत असलेला देश तोच एक.

उंटावरचा_शहाणा

ही विरोधात बसण्याची गोष्ट फार आवडली, मी या बाजूने विचारच केला नव्हता. थोडा वेळ द्या, वाचून येतो परत.

शेवटचा_बाक

आतापर्यंत वाचनमात्र होतो, एक गमतीशीर गोष्ट टाकतो. नेता मेला की अंत्यविधी समितीचा अध्यक्ष कोण ते बघायचं. स्टालिनच्या वेळी ख्रुश्चेव. ब्रेझनेवच्या वेळी आंद्रोपोव. आंद्रोपोवच्या वेळी चेर्नेन्को. चेर्नेन्कोच्या वेळी गोर्बाचोव. मॉस्कोतल्या परदेशी पत्रकारांना बातमी यातूनच मिळायची, बाकी कुठली निवडणूक बिवडणूक.

डिसेंबर २००६, नियाझोव मेला. घटनेप्रमाणे संसदेचा अध्यक्ष अतायेव हंगामी राष्ट्राध्यक्ष व्हायला हवा. त्याच्यावर तडकाफडकी फौजदारी खटला आणि आत. अंत्यविधी समितीवर बेर्दीमुहामेदोव, पेशाने दंतवैद्य, आरोग्यमंत्री. दोन महिन्यांत राष्ट्राध्यक्ष. सप्टेंबर २०१६, करीमोव मेला. घटनेप्रमाणे सिनेटचा अध्यक्ष युल्दाशेव. त्याने संसदेत उभं राहून सांगितलं की माझ्यापेक्षा पंतप्रधान मिर्झियोयेव अनुभवी आहेत, त्यांनाच द्या. समितीवर कोण होतं ओळखा.

गोट्या७२

हायला!! मग तोकायेव? तो पण सिनेटचाच अध्यक्ष होता की राजीनाम्याच्या वेळी. तिथे घटना चालली.

शेवटचा_बाक

चालली कारण नझरबायेव जिवंत होता आणि त्याने स्वतः हाताला धरून बसवला. मेल्यावर कोण विचारतं.

मृण्मयी_के

तुर्कमेनिस्तानवाल्याने हे बघून धडा घेतलेला दिसतो. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे अल्माटीची राख गरम असतानाच, बेर्दीमुहामेदोवने मुलाला, सेरदारला, राष्ट्राध्यक्ष केलं आणि २०२३ मध्ये हल्क मस्लाहाती नावाची लोकपरिषद संसदेच्याही वर नेऊन ठेवली, तिचा अध्यक्ष स्वतः. दोन टेबलं परत आलीच, फक्त या वेळी दुसऱ्या टेबलावर मुलगा.

अनाहूत

आणि ताजिकिस्तान. २०१६ च्या सार्वमतात राष्ट्राध्यक्षासाठी किमान वय ३५ वरून ३० केलं, सगळ्यांना कळलं की रहमोनच्या मुलासाठी, रुस्तमसाठी. २०२० ला मुलगा उभा राहील म्हणून सगळे वाट बघत होते तर बाप स्वतःच परत उभा राहिला. रुस्तमला बसवलंय वरच्या सभागृहाच्या अध्यक्षपदी, घटनेप्रमाणे पुढचा नंबर त्याचा.

शेवटचा_बाक

म्हणजे ज्या खुर्चीवरून अतायेव तुरुंगात गेला आणि युल्दाशेवने हात जोडले, त्याच खुर्चीवर.